बाबांच्या दंडात चिप बसवावी का?

घरात स्मृतिभ्रंश शिरला की पहिली भीती औषधांची किंवा खर्चाची नसते, दाराची असते. कडी लावायची राहिली आणि बाबा बाहेर पडले तर? भोपाळच्या साकेत नगरसारख्या वस्तीत ही भीती जरा जास्तच खरी आहे. इथल्या कितीतरी मराठी घरांत आईवडील उतारवयात नागपूर, अमरावती, पुणे सोडून मुलाकडे राहायला आलेले आहेत. इथले रस्ते त्यांच्या लहानपणाचे नाहीत, दुकानदार ओळखीचे नाहीत. शेजारी एम्स, तिथे बैतूल, पांढुर्णा, नर्मदापुरम कुठून कुठून आलेल्या पेशंटांची दिवसभर गर्दी. त्या गर्दीत एक गोंधळलेला म्हातारा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आणि राणी कमलापती स्टेशन रिक्षाच्या अंतरावर. या आजारात संध्याकाळ झाली की माणसं ‘मला घरी जायचंय’ असा धोशा लावतात, आणि ते घर म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं असतं. नागपूरचं घर आठवलेला माणूस इथून खरोखरच नागपूरच्या गाडीत बसू शकतो.

अशा वेळी कुणीतरी मोबाइलवर पाहिलेलं सांगतं: परदेशात कातडीखाली चिप टोचतात, आपणही बाबांना बसवून घेऊ. कुत्र्याला बसवतात, मग माणसाला का नाही? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो काळजीपोटी आलेला असतो. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. आजच्या घडीला घरातल्या कुणालाही, विशेषतः ज्याला स्वतः नाही म्हणता येत नाही अशा माणसाला, ओळखीची चिप बसवण्याच्या भानगडीत पडू नका. खासगीपणाचा मुद्दा तर आहेच, त्यावर येतोच. त्याच्या आधीचं कारण साधं आहे: जे काम तुम्हाला हवं आहे ते ही चिप करतच नाही.

चिप म्हणजे नेमकं काय ते पाहू. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची कुपी. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं आणि एक सूक्ष्म चकती. बॅटरी नाही. वाचक यंत्र अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर, आणलं की त्याच्या लहरींतूनच चिपला क्षणभर वीज मिळते आणि ती एक आकडा सांगते. पाळीव जनावरांच्या चिपमध्ये हा आकडा १५ अंकी असतो. नाव, पत्ता, रक्तगट यातलं काहीही त्यात नसतं. ते सगळं कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात, त्या आकड्यापुढे लिहिलेलं असतं. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा आहे, फक्त तो काही मीटरवरून वाचता येतो. टोलनाक्यावर फास्टॅग तुमची गाडी ओळखतो. पण गाडी चोरीला गेली तर ती कुठल्या गल्लीत उभी आहे हे तो सांगत नाही.

आपली जागा दुरून कुणाला कळवायची तर बॅटरी लागते, अँटेना लागतो, मोबाइलचं किंवा उपग्रहाचं जाळं लागतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली तेव्हा तिच्यात चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, अशी आवई उठली होती. सरकारनं ती फेटाळली, लोकही नंतर हसले. पण ‘चिप म्हणजे ठावठिकाणा’ हे समीकरण डोक्यात राहून गेलं. खरा ठावठिकाणा सांगणारं साधन कसं असतं ते आपल्याच राज्यात पाहायला मिळतं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोला चित्ते आणले, त्यांच्या गळ्यात जाडजूड पट्टे होते. त्या पट्ट्यात बॅटरी असते म्हणून चित्ता कुठे आहे ते कळतं. आणि त्या पट्ट्याची किंमतही जनावराच्या अंगालाच मोजावी लागली: जुलै २०२३ मध्ये काही चित्त्यांच्या मानेवर जखमा आढळल्या आणि तपासणीसाठी पट्टे उतरवावे लागले. हे सगळं तांदळाच्या दाण्यात मावत नाही. कुणी विक्रेता ‘जीपीएसवाली चिप, कातडीखाली, चार्जिंगची कटकट नाही’ असं सांगू लागला तर तिथेच संभाषण थांबवावं.

माणसांवर हा प्रयोग होऊन गेलेला आहे, आणि त्याचा इतिहास शिकण्यासारखा आहे. अमेरिकेत ‘व्हेरिचिप’ नावाची चिप निघाली. २००२ मध्ये फ्लोरिडातल्या एका कुटुंबानं ती दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर बसवून घेतली. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं वैद्यकीय ओळखीसाठी तिला परवानगी दिली. बेशुद्ध पेशंट दवाखान्यात आला की दंडावरून यंत्र फिरवायचं, सोळा अंकी आकडा मिळवायचा, कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याची माहिती काढायची, अशी ती कल्पना. २००७ मध्ये फ्लोरिडात स्मृतिभ्रंशाच्या सुमारे २०० रुग्णांना ती बसवण्याचा उपक्रम जाहीर झाला आणि त्यावरून निदर्शनंही झाली. परवानगीच्या पत्रातच संभाव्य धोक्यांची यादी होती: आजूबाजूच्या ऊतींची प्रतिक्रिया, चिप जागेवरून सरकणं, माहितीची सुरक्षितता धोक्यात येणं, एमआरआयशी न जमणं. २००६ मध्ये एका तंत्रज्ञानं जाहीर प्रात्यक्षिकात ही चिप वाचून तिची नक्कल करून दाखवली, कारण आकडा कुणीही विचारला तरी ती सांगत होती. पुढच्या वर्षी जुन्या प्रयोगांमध्ये चिपभोवती उंदरांना गाठी झाल्याच्या बातम्या आल्या. त्यावरून माणसांबद्दल काही सिद्ध होत नाही, पण लोकांचा विश्वास डळमळला तो डळमळलाच. २०१० च्या सुमारास विक्री थांबली. कंपनीनं नाव बदललं, धंदा बदलला. ज्यांच्या दंडात कुपी होती त्यांच्या दंडात ती राहिली.

मला या गोष्टीतला शेवटचा भाग सगळ्यात बोलका वाटतो. कंपनीचं आयुष्य पाच-सात वर्षांचं, कातडीखालच्या काचेचं आयुष्य माणसाएवढं. मोबाइल कंपनीनं सेवा बंद केली तर आपण सिम काढून फेकतो. इथे काढायला शस्त्रक्रिया लागते, लहान का होईना.

मेक्सिकोत अपहरणांच्या भीतीपोटी श्रीमंतांनी २००८ च्या सुमारास एका कंपनीकडून चिपा बसवून घेतल्या, त्यासाठी हजारो डॉलर मोजले. पण त्या योजनेत चिपच्या जोडीला जीपीएसचं वेगळं यंत्र जवळ बाळगावं लागत होतं. म्हणजे शोधण्याचं काम ते यंत्रच करणार, आणि अपहरण करणारा ते पहिल्या मिनिटात फेकून देणार. चिप मग कशासाठी, हा प्रश्न तज्ज्ञांनी तेव्हाच विचारला होता.

कुत्र्यांचं काय, तिथे तर चालतं ना? चालतं, आणि का चालतं ते समजून घ्या. हरवलेलं कुत्रं बोलू शकत नाही. सापडलेलं कुत्रं बहुधा जनावरांच्या डॉक्टरकडे किंवा आश्रयगृहात जातं आणि चिप वाचायचं यंत्र तिथेच असतं. साखळी पूर्ण आहे. हरवलेला म्हातारा कुणाच्या हाती लागतो? चहाच्या टपरीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, रेल्वे पोलिसाच्या, मंदिराच्या पुजाऱ्याच्या. यांच्यापैकी कुणाकडेही यंत्र नाही. दंडात काही आहे हे त्यांना कळणारही नाही. वाचणाराच नसेल तर लिहून काय उपयोग?

हरवलेला माणूस ओळखीच्या तंत्रानं परत आल्याची आपल्या भागातली खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि सुरक्षितता व खासगीपणा ही दोन्ही पारडी तिच्यात दिसतात. २०११ मध्ये जबलपूरहून एक गतिमंद मुलगा हरवला. तो नागपूर स्टेशनवर सापडला. त्याला घरचं काही सांगता येईना. नागपुरातल्या एका मराठी कुटुंबानं त्याला आपलंसं केलं, नवं नाव दिलं, शाळेत घातलं. पुढे शाळेला आधार क्रमांक हवा झाला. अर्ज केला की फेटाळला जाई. मानकापूरच्या आधार सेवा केंद्रात खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की याचं आधार आधीच झालेलं आहे, २०११ मध्ये, जबलपूरला, दुसऱ्या नावानं. २०२१ मध्ये तो आपल्या आईवडिलांकडे परतला. त्याच केंद्रातून पुढच्या वर्षी बिहारच्या खगडियाचा, २०१६ पासून हरवलेला एक तरुणही घरी पोचला, जवळपास तशाच रीतीनं.

या गोष्टीचा आनंद मानावा तेवढा थोडा. पण बारकाईनं पाहा. चिप नव्हती, बोटांचे ठसे होते, जे सगळ्यांना जन्मजात असतात. दुसरं, पोलिसांनी ठसे घेतले आणि संगणकानं नाव सांगितलं असं झालेलं नाही. आधार कायद्याच्या २९ व्या कलमानुसार ठशांसारखी मूळ जैविक माहिती कुणालाही, कशासाठीही देता येत नाही. दुसऱ्यांदा नोंदणी करायला गेल्यावर ती नोंदणी अडली, आणि अडली म्हणून छडा लागला. यात दहा वर्षं गेली. आणि तिसरं, जरा अवघड: शाळेनं आधार मागितलं नसतं तर तो सापडलाच नसता. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. पुढे गॅस, बँक, सिमकार्ड, शाळा, सगळीकडे ते मागितलं जाऊ लागलं, इतकं की २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाला मर्यादा आखून द्याव्या लागल्या. एखाद्याला त्याच सक्तीमुळे घर मिळालं, आणि ठसे जुळले नाहीत म्हणून कितीतरी म्हातारी माणसं रेशनदुकानाच्या दारातून परतली, हेही आपण पाहिलेलं आहे. ज्या दिवशी ओळखीची खूण अंगात जाईल त्या दिवशी ‘ऐच्छिक’ या शब्दाला किती दिवस अर्थ राहील, याचा अंदाज या अनुभवावरून बांधा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं सक्तीनं चिप बसवण्यावर २००६ मध्येच बंदी घातली, नंतर नॉर्थ डाकोटा आणि कॅलिफोर्नियानंही. आपल्याकडे माणसांना चिप बसवण्याची कुठली सरकारी योजना नाही.

आता खासगीपणाचा मुद्दा. बहुतेक लोक घाबरतात ते भलत्याच गोष्टीला: रस्त्यावरून जाताना कुणी आपली चिप चोरून वाचेल. तसं करायला त्या माणसाला तुमच्या दंडाच्या अगदी जवळ यंत्र आणावं लागेल. खरा धोका कुपीत नाही, कुपीतल्या आकड्याचं खातं जिथे उघडतं तिथे आहे. कोण चालवतं ते खातं? कुठल्या देशातल्या संगणकात? विम्याच्या कंपनीला ते दिसतं का? २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढं मोठं सरकारी रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर चाललं. तिथल्या एकाही पेशंटाच्या अंगात चिप नव्हती, तरी पेशंटांच्या नोंदी संकटात आल्याच.

हे भोपाळमध्ये सांगताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. आरोग्याची नोंद जिवाशी कशी जोडलेली असते हे या शहराला १९८४ च्या डिसेंबरमधल्या वायुगळतीपासून माहीत आहे. गॅसपीडित एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेला की प्रत्येक ठिकाणी कहाणी पहिल्यापासून सुरू. शेवटी ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की प्रत्येक पीडिताला आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड द्या, नोंदी संगणकावर आणा. तेव्हा ‘मला काही लपवायचं नाही, सगळी माहिती डॉक्टरला दिसू दे’ असं इथला एखादा म्हातारा म्हणाला तर त्याला खासगीपणावर व्याख्यान देऊ नये. त्याचं म्हणणं अनुभवातून आलेलं आहे. फक्त एवढं लक्षात घ्यावं की त्याला हवं आहे ते पुस्तिकेनं आणि कार्डानं होतं. कार्ड दाखवायचं की खिशात ठेवायचं हे त्याच्या हातात राहतं, दंडातल्या कुपीबाबत ते राहत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा सरकारसाठी कसोटी घालून दिली: कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. ही कसोटी घरातही लावून पाहण्यासारखी आहे. हेतू रास्त आहे, बाबा हरवू नयेत. पण त्यासाठी कमी त्रासाचा, उलटवता येणारा उपाय उपलब्ध असताना शरीरात काही टोचणं प्रमाणात बसतं का? शिवाय संमती कुणाची? स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणसाला बरंच कळत असतं. त्या काळात, चहा पिताना, सरळ विचारावं: बाबा, तुम्ही एकटे बाहेर गेलात तर गळ्यात काय घातलेलं चालेल? घड्याळ चालेल? मी तुमची जागा फोनवर पाहिलेली चालेल? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधीही आधी नेमून ठेवू शकतो. त्या कायद्यातली आजाराची व्याख्या स्मरणशक्तीच्या गंभीर विकारालाही कवेत घेते. बोलणं उशिरा झालं की मग निर्णय आपण घेतो आणि त्यांच्या नावावर लिहितो.

तर मग करायचं काय?

सगळ्यात आधी जुना, स्वस्त, कंटाळवाणा उपाय. गळ्यात किंवा मनगटावर धातूची पट्टी, तिच्यावर कोरलेली अक्षरं. देवनागरीचा फायदा घ्या, हिंदी वाचणाऱ्यालाही ती वाचता येते. नाव, ‘मला विसरायला होतं, कृपया फोन करा’ अशा अर्थाची एक हिंदी ओळ, आणि दोन फोन नंबर, एक भोपाळमधला, एक गावाकडचा. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तेवढं. घराचा पूर्ण पत्ता नको, आधार क्रमांक तर नकोच. आणखी एक शब्द जरूर घाला: ‘मराठी’. घाबरलेल्या, दमलेल्या म्हाताऱ्याची नंतर शिकलेली भाषा आधी जाते. तीस वर्षं भेलच्या कारखान्यात हिंदीत काम केलेला माणूस पोलिसासमोर मराठीतच बोलत राहतो, आणि पोलीस ‘बडबड करतोय’ असं लिहून मोकळा होतो.

तीच माहिती सदऱ्याच्या आतल्या बाजूला, कॉलरजवळ, कापडी पट्टीवर शिवून ठेवा. लॉकेट काढून टाकतात, सदरा सहसा काढत नाहीत.

त्यापुढची पायरी क्यूआर कोडची. मुंबईत २०२३ पासून असं लॉकेट वाटण्याचा एक उपक्रम सुरू आहे, कोड स्कॅन केला की घरच्यांचा नंबर दिसतो. एप्रिल २०२४ मध्ये वरळीहून हरवलेला बारा वर्षांचा एक मुलगा कुलाब्यात सापडला आणि त्या लॉकेटमुळे काही तासांत घरी पोचला. जपानमध्ये इरुमा शहरानं २०१६ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या नखावर चिकटवायची सेंटिमीटरभराची क्यूआर चिकटपट्टी काढली. पाण्यानं निघत नाही, पण काही दिवसांनी आपोआप सुटते. मला ती कल्पना फार आवडते. टपरीवाल्याचा साधा स्मार्टफोन इथे वाचक यंत्र होतो, म्हणजे चिपची तुटलेली साखळी जुळते, आणि नको झालं तर नखावरून ती निघते. फक्त लक्षात ठेवा, कोड म्हणजे पुन्हा कुठल्यातरी संकेतस्थळाचा पत्ता. ते चालवणारा थकला की कोड मुका होतो. म्हणून कोडाशेजारी नंबर आकड्यांतही असू द्या, आणि खात्यात जेवढं लागतं तेवढंच भरा. औषधांची आख्खी यादी, मुलांची नावं, घराचा फोटो, यातलं काही लागत नाही.

लॉकेटवर द्यायला एक वेगळं सिम घेतलं तर उत्तम. हरवल्याच्या जाहिरातीवरचे नंबर पाहून ‘तुमचे वडील आमच्याकडे आहेत, आधी पैसे पाठवा’ असे फोन करणारे लोक असतात. बँकेला जोडलेला नंबर अशा कामाला वापरू नये.

खरोखर जागा कळायला हवी असेल, म्हणजे बाबा याआधी निघून गेलेले असतील, तर जीपीएसचं घड्याळ किंवा कमरेला लावायचं यंत्र आहे. ते रोज किंवा दिवसाआड चार्ज करावं लागतं, आत सिम असतं, आणि ते काढून ठेवलं की संपलं. विकत घेताना किमतीआधी हे विचारा: जागेची नोंद कुठे साठते, किती दिवस राहते, आम्ही सांगितल्यावर पुसली जाते का, कंपनी बंद पडली तर काय? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर डब्यातल्या कागदावर शोधा. तिथेही नसेल तर ते यंत्र तिथेच ठेवा. ॲपचा पासवर्ड एकाच माणसाकडे असावा, सगळ्या भावंडांच्या ग्रुपवर नाही. काही घरांत मी पाहिलं आहे की बाबांची जागा पाहायला घेतलेलं यंत्र हळूहळू बाबांची काळजी घेणाऱ्या बाईवर नजर ठेवायला वापरलं जातं. तिला न सांगता हे करणं बरोबर नाही. ब्लूटूथचे छोटे टॅग किल्ल्यांसाठी ठीक आहेत. आजूबाजूला त्यांच्या जाळ्यातले फोन असले तरच ते जागा कळवतात, माणसाच्या भरवशासाठी ते नाहीत.

मुलांच्या बाबतीत तर कातडीखालच्या चिपचा विचारही करू नये. चार वर्षांच्या मुलाच्या दंडात घातलेली वस्तू अठराव्या वर्षी त्याच्याच दंडात असणार, आणि त्याला कुणी विचारलेलं नसणार. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांचा माग काढण्याला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. शाळेच्या बसमध्ये येण्याजाण्यापुरता मुलांचा ठावठिकाणा ठेवायला नियमांत सूट आहे, म्हणून शाळेनं ओळखपत्रात टॅग घातला तर लगेच भांडू नका. तो टॅग बसबाहेर, शाळा सुटल्यावरही चालू असतो का, हे मात्र लेखी विचारा. त्याच कायद्यात केंद्र सरकार काही सरकारी यंत्रणांना सूट देऊ शकतं, हेही माहीत असू द्या. मुलाला आईबाबांपैकी एकाचा नंबर तोंडपाठ असणं, तोही गाण्यासारखा नव्हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल असा, हा अजून कुठल्याही यंत्राला न हरलेला उपाय आहे. आणि पाचव्या व पंधराव्या वर्षी आधारचे ठसे अद्ययावत करून घ्या. पाच वर्षांखालच्या आधारमध्ये ठसेच नसतात. जबलपूरचा तो मुलगा तेव्हा आठेक वर्षांचा होता म्हणून त्याचे ठसे नोंदले गेले होते.

२०२७ मध्ये नाशिकला आणि २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, आणि इथून आजी-आजोबांना घेऊन जाणारी घरं पुष्कळ असतील. अमरनाथ यात्रेत २०२२ पासून प्रत्येक यात्रेकरूच्या गळ्यात आरएफआयडी कार्ड असतं. यात्रा संपली, कार्ड उतरलं. गर्दीत असं काही मिळालं तर बिनदिक्कत घाला.

नोकरीच्या ठिकाणचं थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये विस्कॉन्सिनच्याच एका कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या हातात चिप बसवली, दार उघडायला आणि खाऊ विकत घ्यायला. पन्नासेक जण स्वखुशीनं तयार झाले. स्वीडनमध्ये हजारो लोकांनी बसवून घेतली आहे, त्यांची रेल्वे काही काळ हाताच्या चिपवर तिकीट तपासत होती. तिथे असलेल्या तुमच्या मुलानं हौसेनं बसवली असेल तर तो सज्ञान आहे, त्याचा हात, त्याचा निर्णय. एमआरआयला जाताना तंत्रज्ञाला आधी सांगायला मात्र बजावून ठेवा. इथे, मंडीदीपच्या एखाद्या कारखान्यानं उद्या हजेरीसाठी असलं काही सुचवलं तर कार्ड मागा.

इतकं करूनही एखाद्या दिवशी दार उघडं राहतं. तेव्हाचा पहिला तास फार मोलाचा असतो. चोवीस तास थांबायचा कुठलाही कायदा नाही. बागसेवनिया असो की दुसरं कुठलं ठाणं, लगेच जा, हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. मूल असेल तर मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे गुन्हा नोंदवलाच पाहिजे, नुसती ‘गुमशुदगी’ चालत नाही. ११२ आणि मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसानं राणी कमलापतीला रेल्वे पोलिसांकडे जायचं आणि तिसऱ्यानं १३९ वर फोन लावायचा, कारण गाडी इटारसीला पोचायच्या आत डब्यात कुणीतरी पाहायला हवं. फोटो या महिन्यातला हवा, लग्नातला नको. व्हॉट्सॲपवर टाकताना आधारचा फोटो टाकू नका. अंगावरची एखादी खूण, डाव्या गुडघ्यावरचा व्रण असा काहीतरी तपशील, मुद्दाम लपवून ठेवा. ‘सापडले’ म्हणून फोन आला की पहिल्यांदा तोच विचारा.